भाची एकटीने जमिनीवरून देशोदेशी जायचे म्हणते : घरच्यांनी नेमके काय विचारावे?

खाडीकाठ
१० जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला. माझ्या बहिणीची मुलगी, वय वर्षे २५, पुण्याच्या एका कंपनीचे हिशेबाचे काम गेली तीन वर्षे घरूनच करते आणि त्यातून तिने साडेपाच लाख रुपये साठवले आहेत. दिवाळीत सगळे जमलेले असताना तिने खळ्यात बसून जाहीर केले की शिमगा झाला की पाठीवर एक पिशवी घेऊन ती एकटीच निघणार, विमानात पाऊल न ठेवता पाकिस्तान, इराण असे करत जॉर्जियापर्यंत जाणार आणि पाच-सहा महिन्यांनी परत येणार. तिच्या वडिलांनी त्या दिवसापासून या विषयावर बोलणेच बंद केले आहे. बहीण देवळात कौल लावून आली आणि कौल उजवा, म्हणजे देवाचा होकार, मिळाला म्हणून आणखीच घाबरली आहे. आजीचा प्रश्न एकच आहे : "थंय तुका भात कोण घालतलो?"

मुलीची समजूत घालून तिला थांबवण्याची कामगिरी माझ्याकडे आली आहे. कमावत्या मुलीला थांबवणारा मी कोण, असे मला वाटते; परंतु तिने सर्व नीट तपासले आहे की नाही, एवढे विचारण्याचा अधिकार मामाला असावा. अडचण अशी की आमच्या घरातून परदेशी गेलेले सगळे आखातात नोकरीसाठी गेले, नुसते फिरायला कोणीच गेले नाही. त्यामुळे काय विचारावे हेच मला कळत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा ज्यांच्या घरातून कोणी केला आहे, त्यांनी सांगावे.

रापण
१० जानेवारी, रात्री १०.०५

कौल उजवा मिळाला असेल तर चर्चा संपली. आता मामांनी फक्त गाऱ्हाणे घालायचे आणि नारळ वाढवायचा.

सुरंगी
११ जानेवारी, सकाळी ७.२०

मी २०२४ मध्ये बँकॉकपासून अल्माटी आणि पुढे समरकंदपर्यंत पाच महिने एकटीने जमिनीवरून प्रवास केला आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते. तिला पहिला प्रश्न हा विचारा की तिच्याकडचा नकाशा कोणत्या सालचा आहे.

तिचा रस्ता पहिल्याच नाक्यावर संपतो. पंजाबातील अटारीची चौकी एप्रिल २०२५ पासून बंद आहे, आणि ती उघडी होती तेव्हाही भारतीयाला नुसते हिंडण्यासाठी पाकिस्तानचा व्हिसा मिळणे जवळजवळ अशक्यच होते. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवसांची व्हिसामाफी दिली तेव्हा ती केवळ विमानाने उतरणाऱ्यांसाठी होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही स्थगित झाली. पूर्वेला मणिपुरातील मोरे येथून म्यानमार ओलांडून थायलंडमध्ये उतरण्याचा जो मार्ग काही हौशी मोटारसायकलस्वारांनी पूर्वी केला, तो करोना आणि फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव यांनंतर प्रवाशांसाठी उरलेला नाही. राहिला नेपाळ. तेथे आपल्याला व्हिसा लागत नाही, परंतु पुढे तिबेटमध्ये परदेशी माणसाला एकट्याने हिंडता येत नाही. संस्थेमार्फत परवाना आणि वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि त्याचा खर्च तिच्या बेताला परवडणारा नाही.

तेव्हा आपल्या देशाभोवती जमीन कितीही असली तरी एकट्या भारतीय प्रवाशाला तिच्यावरून दूर जाता येत नाही. एक उड्डाण करावेच लागेल. बँकॉकला उतरावे आणि तेथून पुढे चाके आणि रूळ धरावेत.

बिब्बा
११ जानेवारी, सकाळी ९.१५

म्हणजे विमानाने जाऊन 'जमिनीवरून प्रवास केला' असे म्हणायचे. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाण्यासारखेच झाले हे.

सुरंगी
११ जानेवारी, सकाळी ९.३२

बिब्बा, साबुदाणा उपासाला चालतो हे आपल्याकडे सर्वमान्य आहे.

पेणकरीण
११ जानेवारी, दुपारी १२.५०

धाग्यावर 'हल्लीच्या मुलांचे हे खूळ' असे कोणी लिहिण्यापूर्वीच सांगते. आमच्या पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तिशीच्या घरात असताना, १८५७ साली, घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायची म्हणून काकांना सोबत घेऊन उत्तरेकडे पायी निघाले. निघाले यज्ञासाठी आणि सापडले बंडात. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला, वाटेत मिळवलेले लुटले गेले, आणि एवढे होऊनही परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. त्या धामधुमीत त्यांच्या घरच्यांकडे खबर पोहोचणे कठीणच होते. खाडीकाठ यांच्या भाचीच्या खिशात फोन तरी असेल.

घाटमाथा
११ जानेवारी, दुपारी ३.१०

पेणकरीण यांचे उदाहरण विरुद्ध बाजूचे आहे. गोडसे भटजी कुटुंबाच्या गरजेपोटी निघाले होते, आणि तेही एकटे नव्हते. येथे नोकरी बाजूला ठेवून, साठवलेली सगळी पुंजी खर्चून, चित्रफिती पाहून डोक्यात आलेली कल्पना पुरी करायची आहे. साडेपाच लाख रुपयांत या वयात पुढील शिक्षण होते. परतल्यावर हातात काय असेल, हा प्रश्न कोणी विचारणार आहे की नाही? आणि एकट्या मुलीच्या सुरक्षिततेविषयी एवढ्या प्रतिसादांत एक अक्षर नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मालगुंडची
११ जानेवारी, दुपारी ४.००

घाटमाथा यांना नम्रपणे विचारते की आपल्या वाडीतला २२ वर्षांचा मुलगा एजंटाला दोन लाख रुपये देऊन, ज्या कंपनीचे नावही त्याला उच्चारता येत नाही अशा कंपनीत रुजू होण्यासाठी आखातात जातो, तेव्हा असा धागा कोणी काढते का? त्याला तर आपण हार घालून गाडीत बसवतो. तिथे त्याला पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहणार हेही ठाऊक नसते.

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु तो नेमका विचारावा. रात्री अनोळखी गावात उतरायचे नाही म्हणून कोणती गाडी सोडणार, पहिल्या रात्रीचा मुक्काम आधी ठरलेला आहे का, वाटेत कोणी पाठीशी लागले तर काय करणार, हे प्रश्न आहेत. 'मुलगी आहे' हा प्रश्न नव्हे.

वाटूळचा
११ जानेवारी, रात्री ८.४५

पासपोर्ट कपाटात राहण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी त्या मुलांपैकीच एक. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी तेथे २६ वर्षांचा मिस्त्री होतो. सप्टेंबरमध्ये आम्ही काही कोकणी मंडळींनी पैसे जमवून बस ठरवली, आणि बसरा, बगदाद, तेथून वाळवंटातून जॉर्डनची हद्द आणि शेवटी अम्मान असा प्रवास केला. अम्मानहून एअर इंडियाने लाखाहून अधिक भारतीयांना त्या दोन-तीन महिन्यांत परत आणले. हाही जमिनीवरून केलेला प्रवासच होता. हौसेचा नव्हता एवढेच.

दोन गोष्टी आजही लख्ख आठवतात. आमच्यातल्या एकाचा पासपोर्ट मालकाकडे अडकला होता, आणि प्रत्येक चौकीवर आम्हा सर्वांची बस त्याच्या एकट्यासाठी थांबत होती. दुसरी गोष्ट पाण्याची. हद्दीवरच्या तंबूंमध्ये आम्ही सहा दिवस काढले, आणि तिथे पाण्यासाठी आपसात भांडणाऱ्यांत सर्वांत पुढे आपलेच लोक होते, तर भाकरी आणून देणारी जॉर्डनमधली एक म्हातारी होती, जिचे एक अक्षर आम्हाला कळत नव्हते. त्यामुळे परक्या मुलखात परके लोक वाईट असतात, हे मी कोणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

तेव्हा खाडीकाठ, तुमचा प्रश्न असा असावा : पासपोर्ट हरवला तर काय? दूतावास तातडीचा जो दाखला देतो तो फक्त भारतात परतण्यापुरताच असतो. त्यावर पुढचा देश करता येत नाही. नवीन पासपोर्ट तेथेच मागितला तर वाट पाहावी लागते, आणि जुन्यात चिकटवलेले व्हिसा गेले ते गेलेच. तिला ही गोष्ट ठाऊक आहे का, ते पाहा.

आगबोट
१२ जानेवारी, पहाटे ५.५०

मी रत्नागिरीचा, व्यापारी जहाजांवर ३४ वर्षे खलाशी म्हणून काढली. बंदरे साठ-सत्तर झाली असतील. त्यांतली बहुतेक मी गोदीच्या फाटकापासून पहिल्या चहाच्या टपरीपर्यंतच ओळखतो. जहाज सुटण्याची वेळ झाली की मागे फिरायचे, त्यामुळे फाटकापुढे चार तासांवर काय आहे, हे मला एकाही देशाचे सांगता येणार नाही. या मुलीचा मला हेवा वाटतो, हे आधी सांगून टाकतो.

सल्ला एकच. रोख डॉलर कोऱ्या, न दुमडलेल्या नोटांत आणि तीन ठिकाणी विभागून. मध्य आशियात फाटकी किंवा शाईचा डाग असलेली नोट सराफ परत करतो, असे माझ्या भाच्याने ताश्कंदहून कळवले होते.

रातांबा
१२ जानेवारी, सकाळी १०.३०

खाडीकाठ यांची भाची मीच. मामाने रात्री धागा वाचायला दिला. माझ्याविषयी एवढ्या लोकांनी एवढे लिहिले आणि बरेचसे उपयोगाचे लिहिले, त्याबद्दल आभार मानते. तरी मामाने आधी मला विचारले असते तर निम्मे प्रश्न येथे आलेच नसते.

अटारी बंद असल्याचे मला माहीत होते. खळ्यात बोलले तो दिवाळीतला उत्साह होता, त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी मार्ग बदलला आहे. आता बेत असा आहे : विमानाने बँकॉक, तेथून रेल्वेने लाओस, लाओसमधून चीन, चीनच्या पश्चिम टोकाला सीमा ओलांडून कझाकस्तान, मग उझबेकिस्तान, तेथून कॅस्पियन समुद्र बोटीने ओलांडून अझरबैजान, जॉर्जिया आणि आर्मेनिया. आठ देश. परतीचे तिकीट येरेवानहून.

घाटमाथा काकांना सांगायचे तर परतल्यावर माझ्या हाती काय असेल हे मला आज सांगता येणार नाही, आणि सांगता आले असते तर कदाचित मी गेलेही नसते. नोकरीवर मी पाच महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आहे, ती मंजूर आहे.

आणि एक गोष्ट मामाने लिहिलेली नाही. बाबा सुरक्षिततेमुळे गप्प नाहीत. आमची हापूसची बाग आहे, आणि गेल्या तीन हंगामांत पेट्यांची सगळी नोंदणी, पैसे, मुंबई-पुण्याची पाठवणी आणि 'पेटीत दोन आंबे खराब निघाले' म्हणून येणारे फोन हे सगळे माझ्याकडे आहे. शिमग्यानंतर निघणे म्हणजे ऐन हंगामात निघणे. बाबा हे बोलून दाखवत नाहीत, कारण 'आंब्यासाठी मुलीला अडवले' असे त्यांना व्हायला नको आहे.

खाडीकाठ
१२ जानेवारी, सकाळी ११.१०

कबूल करतो. हे मला ठाऊक होते आणि मी ते लिहिण्याचे टाळले. मेहुण्यांच्या गुडघ्याचे दुखणे गेल्या वर्षीपासून वाढले आहे, त्यामुळे बागेत फवारणी आणि तोडणीवर उभे राहणे त्यांना जड जाते. त्यात पेट्यांचा व्यवहारही अंगावर आला तर हंगाम निभावणे कठीण आहे. परंतु हे कारण पुढे केले की ती लगेच थांबेल, आणि मग आयुष्यभर आम्हाला तिच्या तोंडाकडे पाहवणार नाही. म्हणून आम्ही सगळे सुरक्षिततेविषयी बोलत राहिलो.

रापण
१२ जानेवारी, सकाळी ११.१८

सगळे प्रश्न विचारून झाले आणि एक राहिला : मार्चऐवजी जूनमध्ये निघायला काय हरकत आहे?

सुरंगी
१२ जानेवारी, दुपारी १.४०

रापण यांनी गमतीत विचारले असले तरी तोच खरा प्रश्न आहे. मी आत्ताच रातांबाचा मार्ग महिन्यांवर मांडून पाहिला.

मार्चमध्ये निघण्याचा फायदा एवढाच की चीन वसंतात आणि समरकंद फुलांच्या दिवसांत मिळते. जूनच्या मध्यावर निघाले तर थायलंड आणि लाओसमध्ये पाऊस लागेल, पण पावसाला कोकणातल्या मुलीने घाबरायचे म्हणजे फारच झाले. लाओसची राजधानी व्हिआंतिआन ते चीनमधील कुनमिंग हा १०३५ किलोमीटरचा लोहमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०२३ पासून त्यावर सीमेपलीकडे थेट प्रवासी गाडी जाते. पूर्वी डोंगरांतून दोन-तीन दिवस बसने घालवावे लागत, तेच अंतर आता एका दिवसात होते. आपली कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर आहे आणि ती बांधताना डोंगरांनी काय छळले ते आपण जाणतो, म्हणून हा मार्ग पाहताना मला बोगदे मोजायची सवय काही सोडवली नाही.

चीनमध्ये जुलै-ऑगस्ट सापडेल. लान्झू ते उरुम्ची ही १७७६ किलोमीटरची द्रुतगती गाडी वाळवंटाच्या कडेने जाते. वाटेत तुर्फानला उतरायचे असेल तर उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, हे लक्षात ठेवावे. मी दुपारी बारा ते पाच खोलीबाहेर पडलेच नाही. चीनचा व्हिसा भारतातूनच काढून निघावे, आणि तो फार आधी काढू नये, कारण मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत प्रवेश करावा लागतो. हे मी नीट वाचले नव्हते. मग लाओसमध्ये ज्या गावी आठवडाभर राहायचे होते तेथून दोन दिवसांत पळावे लागले.

कझाकस्तानने जुलै २०२२ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाविना राहू दिले आहे, १८० दिवसांत एकूण ४२ दिवसांपर्यंत. तुला तेथे दोनदा जावे लागेल, हे पुढे सांगते. उझबेकिस्तानचा व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळतो. तेथे हॉटेल तुमच्या मुक्कामाची सरकारदरबारी नोंद करते. कोणाच्या घरी राहिलीस तर ती नोंद करून घेण्याची आठवण तूच ठेव.

सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव : पाच महिन्यांत मला खरोखर भीती वाटली ती दोनदा. एकदा सामायिक टॅक्सीत इतर प्रवासी मध्येच उतरले आणि चालकाने रस्ता सोडला तेव्हा. तो पेट्रोलला वळला होता, पण ते कळेपर्यंतची पाच मिनिटे मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी मागच्या आसनावर दाराकडे बसते आणि पिशवी डिकीत टाकत नाही. दुसऱ्यांदा भीती वाटली ती कुत्र्यांची. रेबीजची आगाऊ लस घेऊनच निघ. कझाक रेल्वेच्या खुल्या डब्यात, जिथे ५४ बर्थ असतात आणि एका टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो, तिथे मात्र मला घरच्यासारखे वाटले. डब्याची जबाबदारी असलेल्या बाईंनी मी एकटी आहे हे पाहून मला स्वतःच्या खोलीशेजारचा बर्थ बदलून दिला आणि दर स्टेशनवर खाली उतरण्यापूर्वी मला बोटाने घड्याळ दाखवले.

बिब्बा
१२ जानेवारी, दुपारी २.२५

उझबेकिस्तानाविषयी देवगडच्या माणसाला सावध करणे माझे कर्तव्य आहे. तो देश असा आहे की कोणत्याही दिशेने निघालात तरी समुद्र गाठायला किमान दोन देश ओलांडावे लागतात. जगात असा दुसरा देश फक्त लिख्टेनश्टाइन. महिनाभर बांगडा दिसणार नाही. आजीचा भाताचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पुलाव तरी मिळेल.

आगबोट
१२ जानेवारी, सायंकाळी ६.३०

बिब्बा, मासे होते तिथे. अरल समुद्राच्या, म्हणजे खरे तर एका मोठ्या खाऱ्या सरोवराच्या, काठी मोयनाक नावाचे बंदर होते, बोटींचा मोठा ताफा होता आणि मासळी डब्यांत भरण्याचा कारखाना होता. १९६० च्या दशकापासून आमू आणि सीर या दोन्ही नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले गेले, आणि समुद्र मागे हटत हटत शंभराहून अधिक किलोमीटर दूर गेला. बोटी जिथे टेकल्या तिथेच वाळूत उभ्या आहेत. मी छायाचित्रे पाहिली आहेत आणि मला त्यांच्याकडे फार वेळ पाहवले नाही. आमच्याकडे राजापूरची खाडी गाळाने भरली. जिथे एके काळी व्यापारी गलबते थेट शहराजवळ येत आणि इंग्रजांनी वखार घातली, तिथे आज होडी नेतानाही भरतीची वेळ पाहावी लागते. पण राजापूरला निदान भरती येते. रातांबा, नुकूस शहरापासून मोयनाक सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, तुझ्या वाटेपासून फार बाजूला नाही. एक दिवस काढ.

सुरंगी
१२ जानेवारी, रात्री ९.००

आता कॅस्पियनविषयी, कारण तिच्या बेतातली सर्वांत कच्ची जागा तीच आहे. अझरबैजानने २०२० मध्ये करोनासाठी आपल्या जमिनीवरच्या सीमा बाहेरून येणाऱ्या सामान्य प्रवाशांना बंद केल्या आणि त्यानंतर ती मुदत वर्षानुवर्षे वाढवत नेली. समुद्रमार्गे येणाऱ्यांनाही तेच लागू होते. कझाकस्तानातील अक्ताऊहून बोटी सुटतात, पण त्या मालाच्या. त्यांना वेळापत्रक नसते, आणि पलीकडे उतरू देतील याची खात्री नाही.

दोन पर्याय उरतात. पहिला, उझबेकिस्तानातून रेल्वेने परत कझाकस्तानात बेयनेऊ आणि अतिराऊ, तेथून रशियातील अस्त्राखान, मग व्लादिकाव्काझहून काकेशस ओलांडून जॉर्जिया. रशियाचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो, त्यामुळे नाक्याचे नाव यादीत आहे की नाही हे त्या आठवड्यात तपासावे. मार्च २०२२ पासून परदेशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत. सगळा खर्च रोख न्यावा लागेल. दुसरा पर्याय म्हणजे अक्ताऊहून विमान.

चौलवाला
१२ जानेवारी, रात्री ९.४०

अस्त्राखानचे नाव निघाले म्हणून राहवत नाही. अफनासी निकितिन नावाचा त्वेर गावचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात व्होल्गा नदीने खाली आला, अस्त्राखानजवळ लुटला गेला, तरीही मागे न फिरता कॅस्पियन, इराण, होर्मुझ असे करत आमच्या चौलला गलबतातून उतरला. सोबत विकण्यासाठी एक घोडा होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला, कसाबसा सुटला. पावसाळा त्याने जुन्नरलाच काढला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. म्हणजे रातांबा त्याच्याच मुलखाकडे उलट दिशेने चालणार आहे. तो मात्र घरी पोहोचला नाही. परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला.

मालगुंडची
१२ जानेवारी, रात्री ९.४८

चौलवाला, शेवटचे वाक्य तिच्या आईने वाचू नये अशी व्यवस्था करता येईल का?

घाटमाथा
१३ जानेवारी, सकाळी ८.१५

मी परवा विरोधात लिहिले, आणि पैशांविषयी माझे मत बदललेले नाही. परंतु रातांबाने दिलेले उत्तर मला आवडले, म्हणून पैशांचाच प्रश्न नेमका करून विचारतो. आजारी पडून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर? अनेक विमा पॉलिसी एका प्रवासाला जास्तीत जास्त १८० दिवसच देतात आणि त्या भारतातून निघण्यापूर्वीच घ्याव्या लागतात. पाच महिने बसतील, पण रमलीस आणि मुक्काम वाढवलास तर विमा संपलेला असेल. शिवाय परत येण्याच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि त्या खात्याचे कार्ड घरी ठेवून जा.

रशियाविषयी माझे मत स्पष्ट आहे. युद्ध चालू असलेल्या देशाच्या दक्षिण भागातून, कार्ड चालत नसताना, एकटीने, केवळ 'विमानात बसले नाही' असे म्हणता यावे म्हणून जाऊ नये. बँकॉकला एकदा बसलीच आहेस, आता दुसऱ्यांदा बसून काय बाटणार आहेस?

बिब्बा
१३ जानेवारी, सकाळी ८.३०

घाटमाथा यांनी माझ्या साबुदाण्यावर वरईचे तांदूळही वाढले. सहमत आहे.

रातांबा
१३ जानेवारी, सकाळी १०.२०

रशिया मी सोडला आहे. अस्त्राखान पाहायला मिळाले नाही याचे निकितिनमुळे वाईट वाटते, पण घाटमाथा काकांचे बरोबर आहे. अक्ताऊहून विमानाने जॉर्जिया. अझरबैजान गळाल्याने देश सातच राहिले, तेही चालतील.

एक प्रश्न मीच विचारते. आईला रोज रात्री 'पोचले' असा निरोप हवा आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही असे ऐकले. महिनाभर काय करावे?

सुरंगी
१३ जानेवारी, सकाळी १०.४५

तेथील सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. भारतीय सिमवर रोमिंग घेतलेस तर चालते, कारण त्याची वाहतूक आपल्या कंपनीमार्फत जाते. मी महिन्यातले दहा दिवस रोमिंग घेतले होते आणि उरलेले दिवस साधा एसएमएस. आईला आधीच सांगून ठेव की निरोप आला नाही तर किती तासांनंतर काळजी करायची. आम्ही घरी ३६ तास ठरवले होते. ते ठरवले नव्हते तेव्हा, पहिल्याच आठवड्यात, लाओसमधल्या एका गावात वीज गेल्यामुळे मी सहा तास गप्प राहिले आणि माझ्या वडिलांनी तेवढ्यात तीन नातेवाईक, एक माजी आमदार आणि दूतावास यांना फोन लावले होते.

वाटूळचा
१३ जानेवारी, दुपारी १२.१०

१९९० मध्ये माझ्या आईला ३९ दिवस काही कळले नव्हते. रातांबाच्या आईला ३६ तास सांगा, ती २४ वर येईल. तेवढे चालू द्यावे.

खाडीकाठ
१९ जानेवारी, रात्री ८.३०

उशिरा लिहितो आहे, कारण रविवारी बहिणीकडे जाऊन बसलो होतो. धाग्यातले प्रश्न कागदावर उतरवून नेले होते. पासपोर्ट हरवण्याचे उत्तर तिला पूर्ण ठाऊक होते. विम्याचे अर्धे. टॅक्सीत मागे दाराकडे बसण्याची गोष्ट तिने वहीत लिहून घेतली. तिचा पासपोर्ट ३६ पानी आहे आणि त्यात जागा पुरेशी आहे.

मग मी मेहुण्यांसमोरच जूनचा विषय काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की पेट्या मेअखेरीस संपतात, कॅनिंगचा, म्हणजे रसाच्या कारखान्यांचा, माल जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जातो, आणि त्यानंतर हिशेब करायला आठ दिवस लागतात. एवढेच. बहिणीने त्याचा अर्थ १५ जून असा घेतला आणि ते नाही म्हणाले नाहीत. गणपतीला ती समरकंदला असेल, यावर आजी अजून बोलत नाही.

चीनच्या व्हिसाचा अर्ज मेमध्ये करायचा ठरला आहे. आजीने आमसुले आणि सुके बोंबील बांधून द्यायचे ठरवले होते. बोंबलांना मी नाही म्हटले आहे.

आगबोट
२० जानेवारी, पहाटे ५.४०

आमसुले कोरडी करून, बंद पिशवीत, वर नाव लिहून न्यावीत.

रातांबा, मोयनाकला गेलीस तर त्या बोटींची पत्र्यांची जोडणी रिव्हेटची आहे की वेल्डिंगची, हे जवळून पाहून येथे लिही. छायाचित्रांत मला नीट दिसत नाही.